कुत्र्याच्या चिठ्ठीवर माणसाच्या गोळ्या, आणि मेडिकलवाला देईना

निंबोणी (धागाकर्ती)
आमचा बंडू. नऊ वर्षांचा लॅब्रॅडॉर, वजन ३२ किलो. चार-पाच महिने नुसता पडून असायचा. खाणं होतं तेवढंच, पण अंग सुटत चाललेलं आणि शेपटीवरचे केस गळून ती उंदराच्या शेपटीसारखी दिसायला लागलेली. आम्ही म्हणत होतो, म्हातारा झाला. डॉक्टरांनी रक्त तपासलं तर थायरॉईड निघाला. चिठ्ठी दिली: थायरॉक्सिन १०० मायक्रोग्रॅम, सकाळी सहा गोळ्या, रात्री सहा गोळ्या.

चिठ्ठी घेऊन नाक्यावरच्या मेडिकलमध्ये गेले. मी स्वतः तिथूनच थायरॉईडची गोळी घेते, ७५ ची, रोज एक. मालकांनी चिठ्ठी वाचली, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "वहिनी, हे काय? ह्याने माणूस आडवा होईल." कुत्र्याचं आहे म्हटल्यावर चिठ्ठी दोन बोटांनी परत सरकवली. "जनावरांच्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर माणसाचं औषध देता येत नाही. इन्स्पेक्टर आला तर माझं लायसन्स जाईल."

घरी यजमानांचं वेगळंच सुरू. "त्यांना जनावरांची औषधं शिकवली असतील ना? मग माणसांची का लिहितात?"

आता मलाच कळेना. दिवसाला १२०० म्हणजे माझ्या सोळापट. हा डोस लिहिताना डॉक्टरांचा हात घसरला का? आणि दुकानदार म्हणतात ते खरं का?

भजी_आणि_चहा
ताई, तुमचं निदान थायरॉईडवर तरी भागलं. आमच्या सोसायटीतल्या काकांच्या पॉमेरियनला डॉक्टरांनी सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातलं औषध, लिहून दिलं. काका ७२ वर्षांचे. नेहमीच्या मेडिकलमध्ये जायची हिंमत होईना म्हणून रिक्षा करून दोन स्टेशनं पलीकडे गेले. तिथे "कुत्र्यासाठी पाहिजे" म्हणाल्यावर काउंटरवरचा पोरगा म्हणे, "काका, सगळे असंच काहीतरी सांगतात."

(औषध कशाला होतं ते अजून मला माहीत नाही, जाणकारांनी प्रकाश टाकावा.)

गोठा_ते_गल्ली
मी पशुवैद्य. आधी तालुक्याच्या दवाखान्यात गाई-म्हशी केल्या, आता नाशकात कुत्री-मांजरं बघतो.

निंबोणीताई, हात घसरलेला नाही. कुत्र्याला थायरॉक्सिन किलोमागे साधारण २० मायक्रोग्रॅम, दिवसातून दोनदा, असं सुरू करतात. ३२ किलोचे ६४० होतात, तुमच्या डॉक्टरांनी सहाशेवर आणलेत. माणसाचा पूर्ण डोससुद्धा किलोमागे दीड-पावणेदोनच्या वर सहसा जात नाही. कुत्र्याच्या आतड्यातून हे औषध नीट शोषलं जात नाही आणि जे रक्तात उतरतं तेही टिकत नाही. तुमच्या रक्तातलं थायरॉक्सिन निम्म्यावर यायला आठवडा लागतो, बंडूच्या रक्तातलं दहा-पंधरा तासांत येतं. महिन्या-दीड महिन्याने पुन्हा रक्त तपासून डोस कमी-जास्त करतील. तो टप्पा मात्र लोक हमखास चुकवतात, तुम्ही चुकवू नका.

यजमानांना सांगा, आम्हाला औषधं शिकवतात ती रेणूच्या नावाने, पाकिटाच्या नावाने नाही. आपल्याकडे जनावरांची म्हणून जी औषधं निघतात त्यांचा मोठा खप गाय, म्हैस, शेळी, कोंबडी इथे. लॅब्रॅडॉरच्या हृदयासाठी वेगळं पाकीट काढून कंपनीला परवडत नाही. पार्वो (उलट्या-जुलाबांचा विषाणू) झालेलं पिल्लू आलं की सलाईन, उलटीचं ऑन्डान्सेट्रॉन, मेट्रोनिडॅझोल, सगळं शेजारच्या मेडिकलमधून. हृदय कमजोर होऊन फुप्फुसात पाणी झालं तर फ्युरोसेमाइड. फिट येत असेल तर फिनोबार्बिटोन. हे काढून घेतलं तर माझा दवाखाना दुपारपर्यंत बंद पडेल.

भजीबुवा, काकांच्या पॉमेरियनच्या फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत दाब वाढला असणार. छोट्या जातीच्या म्हाताऱ्या कुत्र्यांत हृदयाची झडप ढिली झाली की होतं. सिल्डेनाफिलने तो उतरतो. माणसांतही त्याचा हा उपयोग आहेच. काकांना निर्धास्त जायला सांगा.

आणि कायदा. औषध नियम १९४५ चे आहेत. त्यातल्या ६५(१०) मध्ये चिठ्ठीवर काय असावं ते लिहिलंय: रुग्णाचं नाव-पत्ता, आणि औषध जनावरासाठी असेल तर जनावराच्या मालकाचं नाव-पत्ता. म्हणजे आमची चिठ्ठी नियमात पहिल्यापासून धरलेली आहे. नोंदणीकृत पशुवैद्याची सही, नोंदणी क्रमांक, तारीख बघा आणि द्या. बंदी आहे ती उलट दिशेने. जनावरांसाठी बनवलेल्या औषधावर जनावराच्या डोक्याचं चित्र असतं आणि ते माणसासाठी नाही असं छापलेलं असतं.

शेड्यूल_एच
डॉक्टरांचं बरोबर आहे, पण काउंटरच्या आतूनही एकदा बघा. माझं दुकान आहे, १९ वर्षं.

मार्च २०१४ पासून एच-वन यादी लागू आहे. त्यातलं औषध विकलं की वेगळ्या रजिस्टरमध्ये डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, औषध, नग, सगळं लिहायचं आणि ते तीन वर्षं जपायचं. नशेसाठीही मागितली जाणारी ट्रॅमाडॉल, अल्प्राझोलम ह्या यादीत. आता माझ्याकडे एक पोरगा येतो, फोनवर फोटो दाखवतो, "रॉकीसाठी ट्रॅमाडॉल, चार पट्ट्या." रॉकी कोण, किती किलोचा, काहीच नाही. तोच फोटो त्याने आणखी तीन दुकानांत दाखवलाय हे मला संध्याकाळी असोसिएशनच्या ग्रुपवर कळतं. म्हणून आम्ही दचकतो.

थायरॉक्सिनला नकार देणं चूकच. पण डॉक्टरांनी चिठ्ठीवर "कुत्रा, ३२ किलो, डोस माणसापेक्षा जास्त आहे, तपासून लिहिला आहे" एवढं लिहिलं असतं तर वहिनींचा हेलपाटा वाचला असता. आमची पोरं डोस बघूनच घाबरतात, आणि घाबरावं म्हणूनच मी त्यांना शिकवलंय.

गोठा_ते_गल्ली
हे मान्य. उद्यापासून वजन ठळक लिहितो.

मनीची_माय
मध्येच घुसते, सॉरी. आत्ता रात्रीचे पावणेबारा. मनीचं अंग तापलंय, सकाळपासून खाल्लं नाही. घरात पॅरासिटामॉल आहे ६५० ची. पाव गोळी दुधातून देऊ का? डॉक्टर सकाळी दहाला येतात.

गोठा_ते_गल्ली
नका देऊ. पावही नाही, चुरा नाही, लहान मुलांचं सिरपही नाही. मला व्यनि (खाजगी निरोप) करा, फोन नंबर देतो.

भजी_आणि_चहा
आमच्या मांजराला आईने दिलं होतं दोनदा. काही झालं नाही. उगाच घाबरवू नका.

कवठीचाफा
भजी, मस्करी बाजूला ठेवून वाचा. आमच्या सोन्याला माझ्याच हाताने अर्धी दिली होती, २०१६ साली. चार तासांत तोंड सुजलं, पुढचे पंजे फुगले. ओठ वर करून बघितलं तर हिरड्या गुलाबी नव्हत्या, चॉकलेटी झाल्या होत्या. सुई टोचून काढलेलं रक्तसुद्धा तपकिरी. श्वास घ्यायला तोंड उघडत होता, मांजर सहसा तोंड उघडून श्वास घेत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी गेला. मी तेव्हा बँकेत होते. अजून ते ६५० चं पाकीट घरात दिसलं की मी कपाटात मागे सरकवते.

भजी_आणि_चहा
माफ करा. मागे घेतो.

गोठा_ते_गल्ली
मनीच्या आईंशी बोललो. पहाटेपर्यंत पाणी पाजत रहा आणि सात वाजता आणा असं ठरलंय.

थोडं कारण लिहितो, म्हणजे पुढे कुणी शोधत इथे आलं तर उपयोग होईल. पॅरासिटामॉल आपल्या यकृतात एका विशिष्ट विकराच्या (एन्झाइमच्या) मदतीने दुसऱ्या रेणूला जोडलं जाऊन लघवीवाटे जातं. मांजराकडे तो विकर जवळजवळ नाही. मग औषध आडवाटेने फुटतं, त्याचे तुकडे रक्तातल्या हिमोग्लोबिनला असं बिघडवतात की त्याला प्राणवायू वाहता येत नाही. चॉकलेटी रंग त्याचा. लवकर आणलं तर एन-ॲसिटिलसिस्टीन देतो. तेही माणसाचंच, छातीतला कफ पातळ करायला पाण्यात विरघळणारी गोळी मिळते ना, तेच रसायन.

कुत्र्यांच्या बाबतीत आयबुप्रोफेन तसंच. पोटात व्रण, नंतर मूत्रपिंडं. आणि सिरपमधला झायलिटॉल हा गोडवा. औषध सुरक्षित असतं, पण ह्या गोडव्याने कुत्र्याची साखर धाडकन खाली येते. म्हणून मी सिरप लिहिताना बाटलीमागचं बारीक छापील वाचूनच लिहितो.

बांधावरचा
सगळं कुत्र्या-मांजरांवर चाललंय. गोठ्याकडं कुणी बघा.

आमच्याकडं म्हैस लंगडायला लागली की खाजगी डॉक्टर यायचा, डायक्लोफिनॅकची मोठी बाटली काढायचा, एक सुई, तासाभरात म्हैस उभी. दोनशे-अडीचशे रुपयांत काम. पुढं जनावरासाठी बंद झालं म्हणाले. तरी यायचंच, माणसाच्या बाटलीतून. ३० मिलीची बाटली, वर लिहिलेलं माणसाचं, जायचं म्हशीत. आम्हाला काय फरक? म्हैस उठली ना.

मग बाटली छोटी झाली. डॉक्टर म्हणाला आता ३ मिलीच्याच मिळतात, एका म्हशीला किती फोडू? तवापासून मेलॉक्सिकॅम देतोय. का बंद केलं ते नीट कुणी सांगितलं नाही, गिधाडं मरतात एवढंच ऐकलं. आमच्या माळावर ढोरफोडीला लहानपणी शंभर-शंभर गिधाडं बसायची. आता कुत्री बसतात.

कडेकपारी
बांधावरचा दादा, तुमच्या त्या दोन वाक्यांतच सगळं आलं. गिधाडं होती तिथे कुत्री.

ही गोष्ट मी जरा सविस्तर लिहितो, कारण ह्या धाग्याच्या विषयाचं याहून मोठं उदाहरण जगात नसेल. डायक्लोफिनॅक हे आधी माणसाच्या सांधेदुखीचं औषध. स्वस्त झालं, जनावरांत आलं. उपचार चालू असताना जनावर मेलं की कलेवरात औषध राहायचं, आणि ते मांस खाल्लेल्या गिधाडाची मूत्रपिंडं निकामी व्हायची. शवविच्छेदनात यकृतावर, हृदयावर खडूची भुकटी शिंपडल्यासारखा पांढरा थर दिसतो. युरिक ॲसिड ते. १९९० च्या दशकात गिधाडं झाडांवर माना टाकून बसलेली दिसायची आणि मग खाली पडायची. आधी सगळ्यांना वाटलं एखादा विषाणू असेल. पाकिस्तानातल्या गिधाडांवर केलेल्या कामातून २००४ साली खरं कारण छापून आलं. तोवर भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९ टक्क्यांहून जास्त संपली होती.

२००६ मध्ये जनावरांसाठी बंदी आली. मग तुमच्या गोठ्यात जे घडलं तेच देशभर घडलं: माणसाची ३० मिलीची बाटली. माणसाला एका वेळी ३ मिली लागतं, म्हणजे ७५ मिलिग्रॅम. दहा माणसांचा डोस एका बाटलीत कशाला भरायचा, याचं उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. २०१५ मध्ये सरकारने माणसाची कुपी ३ मिलीवर आणली. अख्ख्या देशात माणसाच्या औषधाचा आकार एका पक्ष्यासाठी बदलला. मला तरी हे फार भारी वाटतं.

पण त्याच कुळातली बाकीची होतीच. ॲसिक्लोफिनॅक गाईच्या अंगात गेलं की त्याचं डायक्लोफिनॅकच होतं, म्हणजे दार बंद आणि खिडकी उघडी. ते आणि किटोप्रोफेन जनावरांसाठी २०२३ मध्ये बंद झालं, निमेसुलाइड २०२४ च्या शेवटी. हे तेच निमेसुलाइड, जे १२ वर्षांखालच्या मुलांना द्यायला २०११ मध्येच बंदी आली होती.

मुंबईत डुंगरवाडीवर पारशी समाजाला मृतदेहांसाठी गिधाडांऐवजी सूर्याची उष्णता एकवटणारे आरसे लावावे लागले. रायगडात म्हसळ्याजवळच्या चिरगावला अजून घरटी आहेत. एकदा जाऊन या, पण दुर्बीण घेऊन, लांबूनच.

बांधावरचा
हे असं कुणी सांगितलंच नव्हतं हो. आणि मेलॉक्सिकॅम?

कडेकपारी
गिधाडांवर तपासलंय, सुरक्षित. आणि गंमत म्हणजे तेही मुळात माणसाच्याच संधिवाताचं.

नाडीपरीक्षा
मी माणसांचा डॉक्टर, एमडी मेडिसिन. थायरॉक्सिन, सिल्डेनाफिल, घ्या बापडे. माझा आक्षेप अँटिबायोटिक्सवर आहे. परवा एका ओळखीच्यांच्या कुत्र्याच्या कानाच्या संसर्गाला मेरोपेनेमचं इंजेक्शन लिहिलेलं बघितलं, कल्चर (जंतूंची तपासणी) न करता. आमच्या आयसीयूत शेवटचं शस्त्र म्हणून ठेवलेलं औषध ते. मालकांच्या मांडीवर झोपणाऱ्या कुत्र्याच्या अंगात प्रतिकारक जंतू तयार झाले तर ते कुत्र्यापाशीच थांबणार नाहीत.

गोठा_ते_गल्ली
इथे मी वाद घालणार नाही. आमच्यातले काहीजण असं करतात. कल्चर सांगितलं की मालक म्हणतात, "चार दिवस कुठे थांबायचं, चांगलं इंजेक्शन द्या." आणि दिलं जातं. कोंबड्यांत, जनावरांत कॉलिस्टिन हे अँटिबायोटिक वाढीसाठी खाऊ घालायचे, ते २०१९ मध्ये बंद करावं लागलं, ते उगाच नाही. पण डॉक्टरसाहेब, सर्दीला ॲझिथ्रोमायसिन लिहिणारे कोण, हेही एकदा काढू या.

नाडीपरीक्षा
काढू. त्याचा वेगळा धागा लागेल, आणि तो हजार प्रतिसाद जाईल.

बांधावरचा
गाईला दगडी झाली, म्हणजे कास सुजली, की सडात ट्यूब चढवतात ना, त्यानंतरचं दूध किती दिवस टाकायचं ते ट्यूबवर लिहिलेलं असतं. माणसाचं इंजेक्शन फोडून दिलं तर त्यावर काय लिहिलेलं असणार? आमची आई तपासायची. घरच्या दुधाला विरजण लावायची, दही लागलं नाही की म्हणायची, "अजून औषध उतरलं नाही." तोवर ते दूध ना वासराला, ना डेअरीला. आता एवढी वाट बघणारे किती, मी बोलत नाही.

ओव्हरकोट
लीड्सहून लिहितेय. इथे उलटा जाच. व्हेटने आधी त्या जनावरासाठी, त्या आजारासाठी परवानगी असलेलं जनावरांचंच औषध द्यायचं. ते नसेल तर दुसऱ्या जनावराचं किंवा दुसऱ्या आजाराचं. त्यानंतर माणसाचं. ह्या उतरंडीला कॅस्केड म्हणतात. माणसाचं औषध स्वस्त आहे एवढ्या कारणाने खालची पायरी गाठता येत नाही. आमच्या बोक्याला जे दिलं तोच रेणू माणसाच्या दुकानात अगदी किरकोळ किमतीत मिळतो, हे कळल्यावर नवरा दोन दिवस जेवला नाही नीट.

पण एक चांगली गोष्ट. मैत्रिणीच्या पिल्लाला एफआयपी झालं, पोटात पाणी. मांजरांचा कोरोनाविषाणू बिघडून होतो तो आजार. पूर्वी त्याचा अर्थ एकच होता. इथे २०२१ पासून रेमडेसिव्हिर कायदेशीर मिळतं. तेच, ज्याच्यासाठी कोविडमध्ये आपल्याकडे रांगा लागल्या होत्या. १२ आठवडे उपचार केले. तो बोका आता पडदे फाडतो.

मुळा_मुठा
आमच्या ठाण्याच्या मावशीने मांजराला मोलनुपिराविर दिलं होतं डॉक्टरांच्या देखरेखीखाली, तेही कोविडचंच. कॅप्सूल फोडताना हातमोजे घालायला लावले होते. मांजर वाचलं. धाकट्या सुनेला दिवस गेले होते म्हणून तिला त्या खोलीत फिरकू दिलं नव्हतं.

एक_खरमरीत
गावात माणसाला सर्पदंशावरचं इंजेक्शन वेळेत मिळत नाही आणि इथे कुत्र्याचं थायरॉईड. चालू द्या श्रीमंतांचं.

शर्करावगुंठित
खरमरीतराव, मी तलाठ्याचा मुलगा आणि कुत्रं रस्त्यावरचं उचललेलं आहे. पुढे वाचा, तुमच्या घरात मधुमेही असेल तर उपयोगच होईल.

आमच्या काळूला मधुमेह. डॉक्टरांनी माणसाचंच इन्सुलिन लिहिलं, ४० वालं, म्हणजे एका मिलीत ४० युनिट. त्याची सुई लाल टोपणाची. १०० वाल्याची केशरी. पहिले दोन महिने सुरळीत. मग एकदा दुकानात ४० ची बाटली नव्हती, त्यांनी १०० ची दिली, "एकच आहे हो, कंपनी बदललीय." घरात सुया लाल टोपणाच्याच. मी नेहमीसारखं १० च्या रेघेपर्यंत ओढलं. हिशोब करा: लाल सुईत १० ची रेघ म्हणजे पाव मिली, आणि १०० वाल्या बाटलीतलं पाव मिली म्हणजे २५ युनिट.

तीन तासांनी काळू गच्चीवर भिंतीला धडका देत फिरत होता, मग आडवा होऊन पाय मारायला लागला. आईने देवघरातला मध आणला आणि बोटाने हिरड्यांना चोळला. दवाखान्यात ग्लुकोज लावेपर्यंत तोच मध. वाचला. माणसाचं औषध म्हणून हे घडलं असं मला वाटत नाही. माझे आजोबा असते तर त्यांच्याही बाबतीत हेच घडलं असतं, फक्त ते गच्चीवर नसते.

शेड्यूल_एच
हे वाचून आज दुकानात सुयांचे दोन खोके वेगवेगळ्या फळ्यांवर ठेवले.

मनीची_माय
अपडेट. मनीच्या शेपटीखाली गळू होतं, कुणाशी तरी मारामारी केलेली. फोडून साफ केलं, अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलनेट दिलंय. माणसाचंच. आत्ता सुरमईचा काटा चोरताना सापडली. कवठीचाफा, तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

कवठीचाफा
कुरवाळा तिला माझ्याकडून.

निंबोणी
सगळ्यांचे आभार, धागा भलतीकडे गेला तरी बरंच कळलं. डॉक्टरांकडून चिठ्ठी पुन्हा लिहून घेतली, वजन मोठ्या अक्षरात. नियमाचा क्रमांक मी वहीच्या पानावर लिहून नेला होता. मेडिकलवाल्यांनी तो वाचला, डॉक्टरांना फोन लावला, पाच मिनिटं बोलले आणि पट्ट्या मोजून दिल्या. रिकाम्या पोटी द्यायच्या असल्याने आमची सकाळ आता अशी: मी एक गिळते, बंडूला सहा, आणि मग आम्ही दोघं अर्धा-पाऊण तास चहा-पोळीकडे बघत बसतो. डब्या वेगळ्या केल्यात. त्याच्या डबीवर यजमानांनी स्वतः लाल मार्करने नाव घातलंय. शेपटीच्या टोकाला लव फुटल्यासारखी वाटतेय, की मलाच वाटतंय.

बिलाचा फोटो टाकता येत नाहीये, म्हणून लिहिते. दुकानाच्या संगणकात नाव आणि वय भरल्याशिवाय बिल निघत नाही. छापून आलंय: मास्टर बंडू, वय ९, पुरुष.